मी देणार म्हणालो होतो

९ जानेवारी

कंपनी दरवर्षी डायरी देते आणि दरवर्षी आमची ही ती किराणा लिहायला घेते. या वर्षी मी आधीच मागून घेतली. आज जे झालं ते आपल्या अक्षरात कुठेतरी असावं असं वाटलं.

दादाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत हे कळून बरेच महिने झाले. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आज डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना बोलावलं होतं. दादा, वहिनी, मी आणि ही. डॉक्टर म्हणाले, घरातलं कुणी एक किडनी देऊ शकलं तर सगळ्यात चांगलं. वहिनींचा रक्तगट जुळत नाही हे त्यांना तिथेच सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून बसल्या.

मी उठलो. इतक्या जोरात उठलो की खुर्ची मागे पडली. म्हटलं, "मी देणार. विषय संपला."

दादा म्हणाला, "आधी खुर्ची उचल, बारक्या." सगळे हसले. डॉक्टरसुद्धा.

डॉक्टरांनी विचारलं, काय काम करता? म्हटलं, लिफ्ट दुरुस्त करतो. "म्हणजे घाबरणाऱ्यांतले नाही तुम्ही," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, मृत दात्याच्या किडनीसाठी जी प्रतीक्षा यादी असते तीतही पेशंटचं नाव लावून ठेवायचं का? वहिनी म्हणाल्या, "आता कशाला? घरातच आहे की." आणि माझे दोन्ही हात हातात घेतले.

घरी येताना ही एकच वाक्य बोलली. "मला एकदा विचारलं असतं तर बरं झालं असतं."

"तू नाही म्हणाली असतीस?"

"नाही. पण विचारलं असतं तर."

बायकांना कधी काय लागेल सांगता येत नाही.

१५ जानेवारी

रक्तगट जुळला. कामावर मामांनी सगळ्यांना सांगितलं. मामा म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने मेकॅनिक, कुणाचेच मामा नाहीत. दिवसभर जो तो येऊन पाठ थोपटत होता. ज्या इमारतीत सकाळी लिफ्टची तार बदलली तिथल्या सेक्रेटरी बाईंनी मला बसवून चहा दिला. "असे भाऊ आता राहिले नाहीत हो," म्हणाल्या. एरवी त्या मला जिन्यानं जायला लावतात.

खरं लिहायचं तर मला हे सगळं आवडतं आहे. लग्नातसुद्धा माझं एवढं कौतुक झालं नव्हतं.

दादाकडेही गेलो. त्यानंच मला वाढवलं. छापखान्यातून शाई लागलेल्या हातानं घरी यायचा आणि त्याच हातांनी माझ्या वह्यांना कव्हर घालायचा. मला वाटलं तो आभार मानेल आणि मग मी म्हणेन, वेडा आहेस का. पण त्यानं फक्त विचारलं, "नीट विचार केलास ना?" म्हटलं, त्यात विचार कसला.

२३ जानेवारी

आज माझ्या तपासण्या सुरू व्हायच्या होत्या. सकाळपासून पोट बिघडलं. काल दुपारी बाहेर खाल्लं होतं, तेच बाधलं असणार. तरी गेलो. सिस्टरनं दंडाला पट्टा बांधला आणि तिचा चेहरा बदलला. रक्तदाब वाढलेला. तिनं दहा मिनिटं बसवून पुन्हा घेतला, तर आणखी वाढलेला.

डॉक्टर म्हणाले, असा रक्तदाब असेल तर पुढे जाता येणार नाही. आठवडाभर विश्रांती घ्या, मग बघू.

वहिनींना फोन करून सांगितलं तेव्हा माझा आवाज पडलेला होता. पण ठेवल्यावर भूक लागली.

१ फेब्रुवारी

दादाला डायलिसिसला सोडायची पाळी आज माझी होती. हॉस्पिटलचं फाटक दिसलं आणि छातीत कुणीतरी पकड आवळल्यासारखं झालं. मोटारसायकल कडेला घेतली. दादा मागच्या सीटवरून म्हणाला, "काय झालं रे?" म्हटलं, इंजिन गरम झालंय. त्यानं वाकून इंजिनाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

फाटकाशी उतरवलं आणि बाहेरच थांबलो. मी नेहमी बाहेरच थांबतो, गाडी लावायला तिथे जागा मिळत नाही.

हिला छातीचं सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्ही आत एकदाही गेला नाहीत ना अजून?"

"मग गाडी कोण बघणार?"

ती भांडी आवरत राहिली, जरा आवाज करून.

७ फेब्रुवारी

रक्तदाब पुन्हा वर. हृदयाच्या सगळ्या तपासण्या केल्या. डॉक्टर हसत म्हणाले, "हृदय अगदी उत्तम आहे तुमचं. तरुण पोराला लाजवेल असं."

माणसाला यावर आनंद व्हायला पाहिजे. मला झाला नाही. मला वाटलं होतं काहीतरी निघेल. मोठं नाही, एखादी बारीकशी गोष्ट. जिला नाव असतं आणि जी चार लोकांत सांगता येते.

हे वाक्य मी खोडणार होतो. राहू दे.

संध्याकाळी दादाचा फोन. "बारक्या, मीठ बंद कर. लोणची, पापड, काही खायचं नाही. आणि तो जिना धावत चढायची सवय सोड." ज्याला दिवसभरात मोजून पाणी प्यावं लागतं तो मला पथ्य सांगत होता. मागून वहिनींचा आवाज आला, त्या रोज माझ्यासाठीही बिनमिठाचा डबा पाठवणार म्हणे. एकाचं करायचंच आहे, त्यात दुसऱ्याचं.

मी हो म्हणालो. नको म्हणायला तोंड नव्हतं.

१२ फेब्रुवारी

वहिनींचा डबा रोज येतो. अळणी खाणं किती कठीण असतं ते आता कळतं आहे. दादा हे वर्षभर खातोय आणि मी परवा कामावर चोरून सामोसा खाल्ला. खाताना मामांनी बघितलं. म्हणाले, "खा, खा. सिंहाला काय होतंय?"

मी अर्धा टाकून दिला.

१९ फेब्रुवारी

डॉक्टरांनी चोवीस तासांचं मशीन लावलं आहे. दंडाला पट्टा, कमरेला डबी. दर अर्ध्या तासानं पट्टा आपोआप फुगतो आणि डबीवर आकडा दिसतो. हॉस्पिटलात आल्यावर काहींचा रक्तदाब उगाच वाढतो म्हणे, म्हणून बाहेर वावरताना किती असतो ते बघायचं आहे.

सकाळी एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. आत एक बाई आणि तिचं रडणारं मूल. मी वरून शाफ्टमध्ये उतरलो, लिफ्टच्या टपावर उभा राहिलो, हातानं ब्रेक सोडून ती इंच इंच खाली घेतली. बाईंशी गप्पा मारत होतो, मुलाला वाघाचा आवाज काढून दाखवत होतो. तेवढ्यात पट्टा फुगला. एकशे अठरा! खाली आठ मजल्यांची पोकळी आणि माझा रक्तदाब एकशे अठरा. स्वतःवरच खूश झालो.

संध्याकाळी दादाकडे गेलो. वहिनींनी त्याला अर्धा कप चहा दिला होता, तो चमच्यानं पीत होता, म्हणजे जास्त वेळ पुरतो. मी त्याच्या शेजारी बसलो. तो म्हणाला, "ऑपरेशनची तारीख मार्चअखेर मिळेल असं म्हणतात." तेवढ्यात पट्टा फुगला. त्यानं चष्मा लावून आकडा वाचला. एकशे चौऱ्याहत्तर.

"सकाळी किती होता?"

मी शाफ्टमधली सगळी गोष्ट सांगितली, वाघाच्या आवाजासकट. त्याला हसू येईल असं वाटलं. तो आकड्याकडेच बघत होता. अर्ध्या तासानं पुन्हा फुगला, एकशे एक्क्याऐंशी.

तो म्हणाला, "बारक्या, जरा गॅलरीत जाऊन बस. हवा लागेल."

मी गेलो. दार लोटून बसलो, खाली पोरं सायकल शिकत होती ते बघत. पुन्हा पट्टा फुगला तेव्हा एकशे अठ्ठावीस. मी दार उघडून आनंदानं ओरडलो, "दादा, उतरला बघ!"

"हं," तो म्हणाला. "उतरला."

उरलेला चहा त्यानं तसाच ठेवला. एरवी तो शेवटचा थेंबही सोडत नाही. मला वाटतं त्या खोलीत हवाच कमी येते. वहिनींना खिडक्या उघड्या ठेवायला सांगितलं पाहिजे.

२५ फेब्रुवारी

सकाळी हॉस्पिटलच्या समुपदेशक बाईंचा फोन आला. दाता आणि पेशंट दोघांशी त्या बोलतात. म्हणाल्या, "तुमच्या पुढच्या तपासण्या थांबवतोय. तुमच्या भावांनी तुमची किडनी घ्यायला नकार दिलाय. कारण सांगितलं नाही. तो त्यांचा हक्क आहे."

मी म्हटलं, "असं कसं? मी तयार आहे." हे मी म्हणालो. फोन खिशात ठेवला.

नंतर जे झालं ते लिहितो, कारण ते कुणालाही सांगता येणार नाही. मी जवळच्या हॉटेलात गेलो आणि भरपेट जेवलो. वर गोड मागवलं. तिथून कामावर गेलो आणि जी लिफ्ट दोन दिवस दाद देत नव्हती ती चुटकीसरशी चालू केली. घरी येऊन आंघोळ करताना शीळ वाजवत होतो. मला कळलंच नाही मी वाजवतोय ते. बाहेर आलो तर ही टॉवेल घेऊन दारातच उभी होती.

"काय झालं?"

"दादा नको म्हणाला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तोंड पाडायचा प्रयत्न केला, पण तोंड पडेना. टॉवेल माझ्या खांद्यावर टाकून ती आत गेली.

आत्ता हे लिहिताना कानशिलं तापली आहेत. पट्टा असता तर काय आकडा आला असता कोण जाणे.

२८ फेब्रुवारी

वहिनी कामावर आल्या. मी तळमजल्याच्या लिफ्टच्या खड्ड्यात होतो, हात ग्रीसनं भरलेले. वर बघितलं तर दरवाज्याच्या चौकटीत त्या. वाकून माझ्याशी बोलायला लागल्या.

"भावोजी, यांचं डोकं फिरलंय. म्हणतात मला कुणाचंच काही नको. विचारलं तर भिंतीकडे तोंड करतात. तुमचं ऐकतात ते. तुम्ही समजवा."

"बोलतो मी."

"तुम्ही एवढं मन मोठं केलंत आणि हे असे! तुम्हाला किती वाईट वाटलं असेल."

मी खड्ड्यातच उभा होतो. वर यायला शिडी होती, चढलो नाही. तिथूनच म्हणालो, "वाईट तर वाटलंच."

त्या डोळे पुसत निघाल्या आणि जाता जाता पायरीवर डबा ठेवून गेल्या. बिनमिठाचा. दुपारी तो मी पूर्ण संपवला.

३ मार्च

आज डायलिसिसच्या खोलीत पहिल्यांदा गेलो. गाडी लावायला जागा मिळाली, फाटकाच्या अगदी समोर. तिथे बहुतेक नेहमीच मिळत असणार.

खोलीत ओळीनं खाटा, प्रत्येकीशेजारी मशीन. मला वाटलं होतं काही भयंकर दिसेल. तर कुणी झोपलेलं, कुणी पेपर वाचतंय, एक आजी सिस्टरला मोजे विणायला शिकवतायत. दादाच्या हातातून दोन नळ्या निघून मशीनमध्ये जात होत्या, त्यांतून रक्त फिरत होतं. मी त्या नळ्यांकडे न बघता स्टुलावर बसलो.

"आलास आत?" दादा म्हणाला.

"वहिनी म्हणाल्या तुला समजव."

"मग समजव."

मी तयारी करून गेलो होतो. वाक्यं पाठ होती. एकही आठवेना. पाय थरथरत होते, स्टूल टकटक वाजत होतं. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांनी पेपरातून डोकं वर काढून बघितलं.

दादानं मोकळा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. टकटक थांबली.

"मला भीती वाटते रे," मी म्हणालो.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"खुर्ची पाडलीस तेव्हापासून."

"मग त्याच दिवशी का नाही बोललास?"

"कारण मला जगायचंय. वाटलं, होईल तुझी भीती कमी. वाट बघितली. आणि मध्येच तुझ्या छातीत दुखायला लागलं. दोन आठवडे मला वाटत होतं, याला खरंच काहीतरी झालंय आणि ते माझ्यामुळे झालंय. इथे पडल्या पडल्या तेच डोक्यात. त्या दिवशी तू गॅलरीतून ओरडलास, तेव्हा काय ते कळलं. आधी बरं वाटलं. मग राग आला."

"अजून आहे?"

"आहे," तो म्हणाला. "पण हात काढू नकोस."

माझा हात कधी त्याच्या हातावर गेला होता मला आठवत नाही. मग तो म्हणाला, "तिला तू सांगायचं. मी सांगणार नाही."

४ मार्च

वहिनींना सांगितलं. त्या कपडे घड्या करत होत्या. मी उभ्यानंच सांगितलं, सगळं, जेवलो होतो तेसुद्धा. दादाचा सदरा हातात धरून त्या ऐकत होत्या.

त्या म्हणाल्या, "भीती वाटली त्याचं काही नाही. मलाही वाटली असती. पण भावोजी, डॉक्टर यादीत नाव लावायचं का विचारत होते. मी नको म्हणाले. तुमच्या जिवावर नको म्हणाले."

ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. एवढे दिवस मी माझं पोट, माझी छाती, माझा रक्तदाब धरून बसलो होतो. दादाचं नाव यादीत त्या दिवशीच लागलं असतं. आता ते सगळ्यांच्या मागे लागणार. मधले दिवस मी कुठून आणून देणार?

वहिनींनी सदरा कपाटात ठेवला आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. मी चपला घालून निघालो.

घरी हिला सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं. तपासणीच्या आदल्या रात्री बाथरूमचा नळ सोडून बसायचात तुम्ही आत."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर उद्या तुम्हीच म्हणाला असता, हिनं अडवलं."

मी म्हणालो नसतो, असं सांगणार होतो. पण म्हणालो असतो. नक्की म्हणालो असतो.

१० मार्च

कामावर सगळ्यांना सांगून टाकलं की मी देत नाही, भीतीमुळे. मामा आधी हसले, मस्करी वाटली. मग पाना उचलून कामाला लागले. दुपारी डबा खाताना माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाले, "मला दात काढायचीसुद्धा भीती वाटते रे. अक्कलदाढ घेऊन फिरतोय कधीची." त्यानं बरं वाटायला हवं होतं. दाढ आणि दादा एका पंगतीत बसले, एवढंच वाटलं.

दादाचं नाव यादीत लागलं. किती दिवस लागतील विचारलं तर तिथला माणूस म्हणाला, सांगता येत नाही.

२१ मार्च

समुपदेशक बाईंकडे स्वतःहून गेलो. म्हटलं, मी अजून देऊ शकतो का? त्यांनी विचारलं, "भीती गेली?" म्हटलं, नाही. "मग आज का आलात?" म्हटलं, वहिनी माझ्याशी बोलत नाहीत.

त्या हसल्या नाहीत. "भीती असलेले लोक देतात. रोज बघते मी," त्या म्हणाल्या. "पण वहिनींनी बोलावं म्हणून किडनी मी घेऊ देणार नाही. काही महिन्यांनी या. तेव्हाही यावंसं वाटलं तर."

त्यांनी तिथेच माझा रक्तदाब घेतला. वाढलेलाच होता. पण मी आकडा बघून उठून गेलो नाही, एवढं खरं.

९ एप्रिल

आता डायलिसिसच्या प्रत्येक दिवशी मीच दादाला नेतो आणि आत बसतो. कामाची पाळी मामांनी बदलून दिली. वहिनी बसनं वेगळ्या येतात आणि खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसतात. दादा दोघांच्या मध्ये. कधी तो विनोद करतो आणि आम्ही दोघं वेगवेगळं हसतो.

आज शेवटच्या तासात त्याच्या पायात गोळे आले. अंगातलं पाणी जास्त ओढलं गेलं की असं होतं. सिस्टर पलीकडे दुसऱ्या पेशंटजवळ अडकली होती. दादाचं तोंड वाकडं झालं, पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. तो कधी ओरडत नाही, आज ओरडला. मशीनही किंचाळायला लागलं.

वहिनींनी चादर फेकून एक पाय धरला. मी दुसरा. वर्षानुवर्षं छपाईच्या मशीनपुढे उभे राहिलेले ते पाय, आता नुसती काडी. मला जोर लावायचा धीर होईना. मी आपला वरवर चोळत होतो, दुखेल म्हणून.

"भावोजी!" वहिनी म्हणाल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून. "कुरवाळताय काय? अंगठा धरा, त्यांच्याकडे वळवा आणि दाबा. जोरात. ते ओरडले तरी सोडायचं नाही."

दादा ओरडला.

मी सोडलं नाही.